समोरून पाहिलेलं चाक

लालबाग, मुंबई
रामनवमी, ६ एप्रिल २०२५

चिरंजीव सीतारामभाऊजी यांस,
वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

'शहात्तर वर्षांच्या आजोबांना चिरंजीव?' असं म्हणून हे लिहून घेणाऱ्या मनवाने पहिल्याच ओळीला पेन थांबवलं. मी म्हटलं, मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तुझा हा आजोबा अर्ध्या चड्डीत होता आणि पंगतीत जिलबी संपली म्हणून रडला होता. वहिनीला धाकटा दीर चिरंजीवच. लिही तू गुमान.

आम्ही इकडे खुशाल. माझे गुडघे जिना उतरताना कुरकुरतात आणि चढताना ओरडतात, एवढं सोडलं तर तक्रार नाही. राजेशला हापिसात वरची खुर्ची मिळाली आणि खुर्चीच्या मापाने पोटही मिळालं. तळेऱ्याला सगळे बरे असतील. फणस धरलेत का ते कळवा. फोन मी मुद्दाम करत नाही. मागच्या वेळी 'जेवलात का' विचारलं तर तुम्ही 'पुढच्या आठवड्यात, कौलं बदलून झाली की' असं सांगितलंत. लेकाने आणून दिलेलं कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवलंय, तेही माझ्यापर्यंत आलं आहे. म्हणून आपलं पत्र बरं. ओरडावं लागत नाही.

आता खरी बातमी. पाडव्याला आपलं दुकान उघडलं.

हो, जिन्याखालचंच. हे गेल्यापासून आठ वर्षं त्यात चाळकऱ्यांच्या मोडक्या खुर्च्या आणि मंडळाचं जुनं मखर पडून होतं. सगळं बाहेर काढलं, भिंतीला चुना लावला, बोर्ड घासला. 'दौलत सायकल वर्क्स', अक्षरं अजून आहेत. (नाव मी घेतलेलं नाही. मनवाने आपल्या मनाने लिहिलं.)

आणि हे सगळं केलं कोणी? राजेशच्या ह्या लेकीने, मनवाने. वय तेवीस. बी.कॉम. झाली, लोअर परळला एका काचेच्या इमारतीत वर्षभर कानाला यंत्र लावून लोकांच्या शिव्या ऐकल्या, आणि एके दिवशी येऊन म्हणाली, मी सायकली दुरुस्त करणार. राजेशचा घास हातातच राहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, 'आई, ही तुझी करणी.' माझी कसली करणी? मी फक्त एवढंच म्हटलं होतं की दुकानाची किल्ली माझ्या पानाच्या डब्यात आहे.

तुम्ही विचाराल, शिकली कुठे? मोबाइलात. त्यात एक गोरा मास्तर आहे. त्याचं दुकान इतकं स्वच्छ की आपल्याकडे सोनाराचंही नसतं. हातात काळे मोजे घालतो, पाने भिंतीवर मापाने लावलेले, आणि एकदाही शिवी देत नाही. मला तर तो मेकॅनिकच वाटत नाही. पण एक गोष्ट आवडली. बोट लावलं की गप्प बसतो, परत बोट लावलं की तिथूनच पुढे बोलतो. पंचावन्न वर्षांच्या संसारात मला ही सोय नव्हती.

खरं सांगायचं तर त्या मास्तराने पोरीला बरंच दिलं. गिअरच्या सायकली तुम्ही कधी उघडल्या नाहीत आणि ह्यांनी उघडल्या त्या परत बंद झाल्या नाहीत. मनवा त्या चुटकीसरशी करते. समोरच्या टॉवरमधली पोरं रांग लावतात. पण काळी सायकल आली की मास्तर मुका होतो.

परवा हितेंद्रभाई आले. काळाचौकीचे, जाड भिंगांचे, तुमच्या वेळचं गिऱ्हाईक. ती सायकल अजून तीच. म्हणाले, 'बेटा, ओव्हरऑईल करून ठेव, संध्याकाळी नेतो.' आता ओव्हरऑईल म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. सायकल पुरती उघडायची, छर्रे धुवायचे, जुनं ग्रीस काढून नवं भरायचं आणि सगळं परत बसवायचं. मनवाने मोबाइलला विचारलं. मोबाइल म्हणाला, असं काही नसतं. मग तिने आपली अक्कल लावली. ओव्हर म्हणजे जास्त आणि ऑईल म्हणजे तेल.

भाऊजी, तिने त्या सायकलला तेलाने न्हाऊ घातलं. चेन, पेडल, घंटी, सीट. आणि रिम. आणि ब्रेकचे रबर. सायकल अशी चमकत होती की हितेंद्रभाईंनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग टांग मारली आणि गेले. चिवडा गल्लीच्या वळणावर ब्रेक दाबला तर सायकल ऐकेना. थेट भाजीवाल्याच्या गाडीत. परत आले ते दोन्ही खिशांत कोथिंबीर घेऊन. म्हणाले, 'बेटा, मस्त चालते. थांबत नाही, एवढंच.'

मी इतकी हसले की मला पाणी द्यावं लागलं. शेजारची सुचित्रा, ती शाळेतून रिटायर झालेली, तिने सांगितलं की मूळ इंग्रजी शब्द ओव्हरहॉल असा आहे आणि आपण सगळे पन्नास वर्षं चुकीचं बोलत आलो. मी म्हटलं, बोलणं चुकलं असेल, सायकली तर थांबायच्या ना?

(आजोबा, ब्रेक मी नंतर तीनदा साबणाने धुतले आणि काकांना नवीन रबर लावून दिले. आजी ते सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. मनवा.)

तर मुद्दा असा. पोरीला आऊट काढता येत नाही. चाक फिरवलं की रिम डावीकडे-उजवीकडे लचकते, ती आरे आवळून-सैल करून सरळ करायला जाते, आणि मगाशी लचकत होती ती आता नाचायला लागते. मास्तराचा व्हिडिओ वीसदा पाहिला. मास्तर वीसही वेळा तसाच हसला. तिचं कुठे चुकतं ते त्याला कुठे दिसतंय? तुम्ही असता तर हातावर चावी मारली असतीत.

म्हणून लिहिते. तुम्ही या. महिनाभर राहा. ह्या सगळ्या गिरणगावात आऊट काढावा तर सीतारामने, असं हे स्वतः म्हणायचे. तुमच्या तोंडावर नाही म्हणाले कधी, पण म्हणायचे. मागचं ते सगळं मागे गेलं. गंगाधर पेपरवाला तर ठणठणीत आहे, त्याचा विषय आता कशाला. हे लिहू नकोस गं. लिहिलंस? खोड ते.

(खोडायला पांढरी शाई नाही. म.)

असो. नाचणीचे पापड आणि येण्याची तारीख, दोन्ही कळवा.

तुमची वहिनी,
बकुळा


लालबाग, मुंबई
रविवार, २७ एप्रिल

चि. सीतारामभाऊजी यांस,
आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसेल. आज मनवाला सांगितलं नाही, सुचित्राकडून लिहून घेते आहे. ती शिक्षिका, त्यामुळे मनवासारखंच तीही माझं 'व्हतं' 'होतं' करून लिहील. चालवून घ्या.

तुमचं कार्ड आलं. मनवाने मोठ्याने वाचलं. तुम्ही लिहिलंत, 'वहिनी, बोलावलंत त्यात सगळं आलं. पण मी येणार नाही. ज्याच्या हातून माणूस पडला त्याने पोरीला काय शिकवायचं? सत्तावीस वर्षांत मी आऱ्यांच्या चावीला हात लावलेला नाही. आता कानही गेले, आरे वाजवले तरी ऐकू येत नाहीत. तिला दुसरा कोणी बघा.' आणि खाली, 'फणस पुष्कळ आहेत.'

मनवा म्हणाली, 'आजी, कोण पडलं होतं? आजोबांच्या हातून काय झालं?' मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी असतात, तू भाकरी पलट.

भाऊजी, मला वाटत होतं तुम्ही ह्यांच्यावरचा राग धरून गावाला बसलात. चार गिऱ्हाइकांसमोर भाऊ म्हणाला 'तुझा हात गेला', तर कोणालाही राग येणारच. रागाचं मला ठाऊक होतं. तुम्ही मात्र त्यांचं ऐकून तसं मानूनच बसलात, हे मला आजवर माहीत नव्हतं. तुम्ही गावाला जाऊन पिठाची गिरणी घातलीत तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, गड्याला दुसरं काम आवडलं. माझ्या सोयीचं होतं ते म्हणणं.

आता गेल्या रविवारचं सांगते. मनवा दुकानात चाक टांगून बसली होती, मी स्टुलावर. समोर मोबाइल उभा केलेला. मास्तर चाकाच्या पलीकडे बसलेला, म्हणजे त्याचं तोंड आमच्याकडे, मध्ये त्याचं चाक. तो चावी जशी फिरवेल तशी ही फिरवायची. मी बघत होते, आणि माझ्या तोंडून गेलं, 'अगं, उलटं फिरवतेस. तो पलीकडे बसलाय. त्याचं आवळणं तुला इकडून सैल करण्यासारखं दिसतं.'

तिने चावी दुसरीकडे फिरवली. चाक दोन फेऱ्यांत शांत व्हायला लागलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. 'आजी, तुला कसं कळलं?'

मी म्हटलं, देवापाशी दिवा लावायचाय, आणि उठून वर आले. दुपारचे तीन वाजले होते.

मला कसं कळलं ते तुम्हाला सांगायचं आहे. त्यासाठीच हे पत्र. एकोणीसशे सत्त्याण्णवची गोष्ट. गंगाधरची सायकल आपल्याकडे होती, पेपरांच्या ओझ्याने मागचं चाक वाकडं झालेलं. तुम्ही सकाळी त्याचा आऊट काढलात, चाक खुंटीला टांगलंत आणि भायखळ्याला आरे आणायला गेलात. हे जेवून वर आडवे झाले होते. दुकानात मी एकटी होते.

(बकुळाताईंनी इथपर्यंत सांगितलं आणि मी चष्मा काढून ठेवला. मी त्यांना विचारलं, पुढचं मनवाला ठाऊक आहे का? त्या नाही म्हणाल्या. तर मग पुढचं माझ्या अक्षरात जाऊ नये. मी मनवाला हाक मारते आहे. सुचित्रा.)

भाऊजी, बाईने माझा घात केला. पस्तीस वर्षं शाळेत मुलांना उभं केलं, आज मला केलं. आता मनवा बसली आहे. तिला मी सांगितलंय, मध्ये बोलायचं नाही, फक्त लिहायचं.

तुम्ही दोघे भाऊ दुकानात काम करायचात आणि मी चार वेळा चहा घेऊन खाली यायचे. कप ठेवून लगेच वर गेले असं कधी झालं नाही. दाराशी उभी राहायचे. तुम्ही भिंतीला पाठ लावून बसायचात, चाक मध्ये, आणि मी दारात, तुमच्या समोर. तुम्ही आरे बोटाने छेडायचात, एकेकाचा आवाज घ्यायचात, जो बेसूर असेल त्याला पाव फेरा. तीस वर्षं मी ते पाहिलं. तुमच्यापैकी कोणी मला 'बसा वहिनी, हात लावून बघा' म्हटलं नाही आणि मीही कधी मागितलं नाही. पण हात शिवशिवायचे. लाटणं फिरवताना मी मनात चाक फिरवायचे.

त्या दुपारी चाक खुंटीला होतं. मी फिरवून पाहिलं. सरळच होतं, पण मला वाटलं, एवढंसं, केसाएवढं लचकतंय. लचकत नसेलही. मला ते लचकायला हवं होतं. तुमची चावी उचलली, तुमच्या जागी बसले, आणि तुम्ही फिरवायचात तसं फिरवलं. म्हणजे मला दारातून जसं दिसायचं तसं.

सहा आरे. मला वाटलं मी आवळते आहे. मी सैल करत होते.

तुमची पावलं जिन्यापाशी ऐकली तशी चावी ठेवली आणि रिकामे कप उचलून वर गेले. तुम्ही सकाळी केलेलं चाक, तुम्ही ते परत कशाला तपासाल? खुंटीवरून काढून सायकलला बसवलंत. दुसऱ्या दिवशी पहाटे गंगाधर पेपरांचे गठ्ठे लादून निघाला आणि गणेशगल्लीच्या तोंडाशी चाकाचा पापड झाला. खांद्याचं हाड मोडलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. हे ओरडले, तुम्ही चावी फळीवर ठेवलीत आणि संध्याकाळच्या एस.टी.ने गेलात. मी त्या वेळी दारातच होते. चहा घेऊन.

तुम्ही गेल्यावर दोन दिवसांनी मी खाली जाऊन एक मोडकं चाक घेतलं, तसाच आरा फिरवला आणि बोटाने दाबून पाहिलं. तेव्हा कळलं. ह्यांना सांगायला जिना चढले आणि वर पोचेपर्यंत सांगायचं राहिलं. असे किती जिने चढले असेन. मग ते गेले. मग मला वाटलं, आता सांगून कोणाचं भलं? काल तुमचं कार्ड परत वाचून घेतलं तेव्हा कळलं कोणाचं.

तुमचा हात गेला नव्हता, भाऊजी. तुमचा हात चुकलाच नव्हता. तुम्ही केलेलं चाक मी बिघडवलं. सत्तावीस वर्षं तुम्ही पीठ दळलंत ते माझ्यामुळे.

मनवाने इतका वेळ खाली मान घालून लिहिलं. मला वाटलं, आता ही पेन टाकून उठेल. तिने विचारलं, 'किती फिरवलेस? पाव पाव?' मी म्हटलं, अर्धा अर्धा. काही ठिकाणी जास्त. ती म्हणाली, 'बापरे.' मग म्हणाली, 'आजी, म्हणजे तूसुद्धा व्हिडिओ बघूनच शिकलीस की.'

आणि हसली. मला हसू येत नव्हतं, पण ती हसत राहिली, मग मलाही आलं. आम्ही दोघी हसत होतो आणि दोघींची नाकं वाहत होती. सुचित्रा दारातून बघून परत गेली.

मी आता या म्हणणार नाही. तो हक्क मी घालवला. शिव्या द्यायच्या असतील तर कार्डावर द्या, मनवाला मोठ्याने वाचायला सांगीन. चाळीला ऐकू गेलं तरी चालेल.

वहिनी म्हणवून घ्यायला लाज वाटणारी,
बकुळा


लालबाग, मुंबई
बुद्धपौर्णिमा, १२ मे

चि. सीतारामभाऊजी यांस,
दोन्ही हातांनी आशीर्वाद.

कार्ड पोचलं. पंधरा दिवस मी पोस्टमनला जिन्यातच गाठत होते. तो बिचारा मला बघून लांबूनच मान हलवायचा. शनिवारी हलवली नाही.

मनवाने वाचलं. पहिली ओळ, 'वहिनी, सत्तावीस वर्षं.' पुढे काहीच नाही, अर्धी ओळ कोरी. ती कोरी ओळ वाचतानाही पोर थांबली. मग तुम्ही लिहिलंत ते मला आता पाठ झालं आहे. 'तीन दिवस मी नुसतं पीठ दळलं. चौथ्या दिवशी शेजारच्या दामल्यांच्या मुलीची सायकल अंगणात उलटी केली. चाक फिरवलं. लचकत होतं. हात चुकला नाही. चाक असं सरळ झालं की मुलगी म्हणाली, आजोबा, फिरतंय की थांबलंय ते कळत नाही. तुमच्यावर रागावलो आहे. कार्डावर राग मावत नाही. उरलेला समोर येऊन काढीन. सोळा तारखेला सकाळी दादरला उतरतो. तोवर मनवाने कोणत्याही चाकाला हात लावायचा नाही.'

मी तिला म्हटलं, परत वाच. तिने वाचलं. मी म्हटलं, 'फिरतंय की थांबलंय' तेवढंच वाच. असं करत तिने सहा वेळा वाचलं, आणि मग राजेश म्हणाला, आई, आता मला पण पाठ झालं, भात वाढ.

राजेशला सगळं सांगितलं. म्हणाला, 'बाबा गेले तेव्हा काका आले होते. दुकानासमोरून गेले, आत वळून पाहिलं नाही. मला वाटलं किती कठोर माणूस.' आणि संध्याकाळी स्वतः दुकानात जाऊन तुमच्यासाठी भिंतीपाशी फळी ठोकून आला. वाकडी ठोकली आहे. तुम्ही काही बोलू नका.

गंगाधरकडेही जाऊन आले. तो आता पेपर टाकत नाही, परळ नाक्यावर स्टॉल आहे, पेपरांपेक्षा लॉटरी जास्त. मनवाला बरोबर नेलं, नाहीतर मी अर्ध्या वाटेवरून परतले असते. सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि खांदा चोळत होता. मला वाटलं आता बोलेल काही. तर म्हणाला, 'मावशी, त्या महिन्यात मी घरी पडून होतो म्हणून मामा स्थळ घेऊन आला. नाहीतर मी कधी घरात सापडायचो?' आणि आत ओरडला, 'मीनाक्षी, बाहेर ये! तुझं लग्न कोणी जमवलं बघ!' त्याची बायको बाहेर आली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, 'तुम्ही होय? सत्तावीस वर्षं मी ह्याच माणसाला शोधत होते.' कोणत्या अर्थाने म्हणाली ते विचारायचं धाडस झालं नाही. चहा मात्र दोनदा दिला.

पण खांदा पावसात अजून दुखतो म्हणाला. तेही मी ऐकून आले. नुसतं हसून परत यायचं नव्हतं.

ह्यांना सांगायचं राहिलं ते राहिलं. फोटोसमोर बसून सांगून पाहिलं. फोटोत ते आधीच चिडल्यासारखे आहेत, त्यामुळे काही कळलं नाही.

तुम्ही कार्डाच्या कोपऱ्यात, अगदी तिकिटाखाली, बारीक अक्षरात एक विचारलंत. मनवाला ते दिसलंच नव्हतं, सुचित्राने भिंग लावून वाचलं. 'वहिनी, तुम्हाला शिकायचं होतं तर बोलला का नाहीत?'

कोणाला बोलायचं? बायकोने दुकानात बसून आरे आवळायचे, असं तेव्हा चाळीत कोणी केलं नव्हतं. मागितलं असतं तर तुम्ही हसला असतात. दुष्टपणाने नाही, प्रेमानेच हसला असतात, पण हसला असतात. आणि मी ज्या घरात हसवणारी बाई म्हणून नावाजलेली, तिथे मला कोणी हसलेलं सोसलं नसतं. म्हणून चोरून शिकले. समोरून शिकले. चोरून शिकलेलं सगळं उलटं येतं असं नाही, भाऊजी. पण ते उलटं आहे हे सांगणारं कोणी नसतं, हातावर चावी मारणारं कोणी नसतं.

मोबाइलच्या मास्तराची मी फार थट्टा केली. आता करत नाही. तो बिचारा निदान सगळ्यांना दाखवतो. दारात कोण उभं आहे हे न बघता दाखवतो.

कानांचं तुम्ही परत लिहिलंत, आरे ऐकू येणार नाहीत म्हणून. त्याची काळजी सोडा. माझे कान अजून इतके तिखट आहेत की तिसऱ्या मजल्यावर कोणी लाडवाचा डबा उघडला तर मला इथे कळतं. तुम्ही आरा छेडा, बेसूर असेल तर मी तुमच्या पाठीत बोट टोचीन. मनवाला ही पद्धत पसंत आहे. ती म्हणते, एका चाकाला तीन माणसं लागणारं हे मुंबईतलं पहिलं दुकान.

बोर्डाखाली एक ओळ वाढवायची आहे. काय लिहायचं ते तुम्ही आल्यावर ठरवू. मी 'सीताराम' म्हणते, मनवा म्हणते आधी विचारू.

तर सोळा तारखेला राजेश दादरला घ्यायला येईल. गाडीतून उतरून उगाच चालत सुटू नका, इथे सगळं बदललंय, तुम्हाला वाटेल तिथे आता टॉवर आहे. यंत्र कपाटातून काढून कानात घालून या, कारण तुमचा उरलेला राग मला नीट ऐकायचा आहे आणि उत्तरं द्यायची आहेत. सगळ्याच रागाला मान खाली घालीन असं समजू नका.

आणि एक. मनवाने मला काल विचारलं, 'आजोबा शिकवायला बसले की तू कुठे बसणार?' मी सवयीने म्हटलं, दारात. आज सकाळी खाली गेले तर राजेशच्या वाकड्या फळीशेजारी तिने माझं स्टूल नेऊन ठेवलं आहे. तुमच्या समोर नाही. तुमच्याच बाजूला, भिंतीला पाठ लावून.

तेव्हा भाऊजी, तुम्हाला शिकवायला दोन मुली आहेत. एक तेवीसची, एक एकोणऐंशीची. मोठीला आधी घ्या. धाकटीकडे वेळ पुष्कळ आहे.

वाट पाहणारी, आणि हात धुऊन बसलेली,
तुमची थोरली शिष्या,
बकुळा